हाडासाठी चुंबकीय, विघटनशील स्कॅफोल्ड: पहिला नमुना तयार करण्यापासून त्याची पारख करण्यापर्यंत

अपघातात, हाडातील गाठ काढताना किंवा जुनाट जंतुसंसर्गामुळे हाडाचा मोठा तुकडा गमवावा लागला, की ती पोकळी शरीराला स्वतःहून भरून काढता येत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक आजही बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा घेऊन तेथे बसवतात. परंतु असे हाड मोजकेच मिळते, आणि ज्या जागेवरून ते काढले ती जागाही पुढे बराच काळ दुखत राहते. म्हणून सच्छिद्र पॉलिमरचा एक आधार त्या पोकळीत बसवावा, त्याच्या छिद्रांत हाड तयार करणाऱ्या पेशी शिराव्यात आणि नवे हाड भरत जाईल तसतसा तो आधार विघटित होऊन नाहीसा व्हावा, या कल्पनेवर गेली कित्येक वर्षे काम चालू आहे. या आधाराला स्कॅफोल्ड म्हणतात. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिसळले, की तो बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देऊ लागतो. इटलीतील फाएन्झा आणि बोलोन्या येथील संशोधकांनी २०१० मध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट व कोलॅजन या हाडाच्या मूळ घटकांचे तयार स्कॅफोल्ड चुंबकीय द्रवात बुडवून असे नमुने केले. पुढे नेपल्स येथील गटाने लोहयुक्त हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विघटनशील पॉलिमरमध्ये मिसळले.

ज्यांच्या हाताशी साधी रसायनशाळा आहे, पेशीसंवर्धनाची सोय जवळपास आहे आणि जे या विषयात पहिल्यांदाच उतरत आहेत, अशा एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) यांचा, मीठ धुऊन छिद्रे पाडण्याच्या पद्धतीने केलेला स्कॅफोल्ड घेतला आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल, आणि तो मुद्दाम आणला आहे: पेशी चांगल्या वाढल्या हे खरे, पण त्या चुंबकत्वामुळे वाढल्या हे कशावरून?

आधी तुलना ठरवावी, मग भांडी मांडावीत

मॅग्नेटाइटचे कण पॉलिमरमध्ये गेले की चुंबकत्वाखेरीज निदान चार गोष्टी बदलतात. पदार्थ अधिक ताठ होतो, त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, तो पाण्याने भिजण्याची रीत बदलते आणि त्यातून आसपासच्या द्रवात थोडे थोडे लोह झिरपते. या चारांपैकी प्रत्येक गोष्ट पेशींच्या वागण्यावर स्वतंत्रपणे परिणाम करू शकते. त्यामुळे नुसता पॉलिमर एका बाजूला आणि चुंबकीय स्कॅफोल्ड दुसऱ्या बाजूला ठेवून केलेल्या तुलनेतून चुंबकत्वाविषयी काहीच सिद्ध होत नाही. असे असूनही नवखे लोक नेमकी हीच तुलना करतात.

यावर उपाय म्हणजे चुंबकीय नसलेला जुळा नमुना. हेमाटाइट हेही लोहाचेच ऑक्साइड आहे, पण सामान्य तापमानाला त्याचे चुंबकत्व अगदी क्षीण असते. तेवढ्याच वजनाचे आणि शक्यतो तेवढ्याच आकाराचे हेमाटाइटचे कण घातलेला स्कॅफोल्ड सोबत ठेवला, तर ताठरपणा, खरखरीतपणा आणि लोहाची उपस्थिती या गोष्टी दोन्हीकडे बऱ्याच अंशी सारख्या राहतात. मॅग्नेटाइट हवेत ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हेमाटाइट मिळते. मात्र तापवताना कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून त्यांचा आकार पुन्हा मोजून नोंदवावा. अशा रीतीने नुसता पॉलिमर, मॅग्नेटाइटसह पॉलिमर आणि हेमाटाइटसह पॉलिमर असे तीन प्रकार, आणि प्रत्येक प्रकार बाहेरच्या चुंबकासह व चुंबकाविना, असे सहा गट होतात. काम वाढते हे खरे, पण या सहांपैकी एखादा गट वगळण्यापेक्षा कणांची मात्रा एकच ठेवून वेळ वाचवणे अधिक शहाणपणाचे आहे.

पॉलिमरची निवड

पॉलिलॅक्टिक आम्ल, लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांचा सहपॉलिमर आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे तीन पर्याय सहसा समोर येतात. पहिल्या प्रयोगासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोनच घ्यावे असे माझे मत आहे. ते सुमारे ६० अंशांना वितळते, क्लोरोफॉर्म व डायक्लोरोमिथेनमध्ये सहज विरघळते, हाताळताना तुटत नाही आणि शरीरात त्याचे विघटन दोन ते तीन वर्षे इतके सावकाश होते. दोन्ही आम्लांचे समसमान प्रमाण असलेला सहपॉलिमर महिना-दोन महिन्यांतच विघटित होतो, आणि त्या वेळी बाहेर पडणारी आम्ले छिद्रांतील द्रवाचा सामू खाली आणतात. आम्लात मॅग्नेटाइट विरघळते, म्हणून अशा पॉलिमरमधून लोह अधिक वेगाने सुटते. विघटन आणि लोहाची गळती अशा दोन बदलत्या गोष्टी एकाच वेळी सांभाळण्याची जबाबदारी पहिल्याच प्रयोगात अंगावर घेऊ नये. सुमारे ८०,००० सरासरी रेणुभाराचे पॉलिकॅप्रोलॅक्टोन बाजारात सहज मिळते आणि ते या कामाला योग्य आहे.

मॅग्नेटाइटचे कण तयार करणे

रेने मासार यांनी १९८१ मध्ये मांडलेली सहअवक्षेपणाची पद्धत आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची आहे. फेरिक आणि फेरस लोहाचे क्षार दोनास एक या मोल-प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात अल्क घातले, की काळा साका खाली बसतो. एक ग्रॅम मॅग्नेटाइटसाठी २.३४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि ०.८६ ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट लागते. हे क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि फेरस क्षार हवेत हळूहळू फेरिकमध्ये बदलतो. म्हणून जुन्या, तपकिरी पडलेल्या बाटलीतील फेरस क्लोराइड वापरू नये. सुमारे ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन हाकलावा, मग क्षार विरघळवावेत, तापमान ६० ते ८० अंशांवर आणावे आणि जोरात ढवळत असताना २५ टक्के अमोनिया सामू १०च्या आसपास पोहोचेपर्यंत घालावा. नायट्रोजन शेवटपर्यंत चालू ठेवावा.

येथे ढवळण्याच्या साधनाबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती प्रयोगपद्धतीत क्वचितच लिहिलेली असते. प्रत्येक रसायनशाळेत असतो तो चुंबकीय ढवळक या कामाला उपयोगाचा नाही. भांड्यात फिरणारी कांडी स्वतःच चुंबक असल्यामुळे तयार झालेला साका तिलाच जाऊन चिकटतो. वरून पाते सोडलेला यांत्रिक ढवळक वापरावा. हाच नियम पुढे पॉलिमरच्या द्रावणालाही लागू आहे.

साका तयार झाल्यावर, तापमान ८० अंशांवर ठेवूनच, एक ग्रॅम कणांमागे सुमारे अर्धा मिलिलिटर ओलेइक आम्ल घालून तासभर ढवळावे. ओलेइक आम्लाचा थर बसला नाही तर कण क्लोरोफॉर्ममध्ये टिकत नाहीत. त्यांचे गोळे होतात आणि ते गोळे पुढे स्कॅफोल्डच्या तळाशी सापडतात. नंतर भांड्याखाली मोठा चुंबक धरून कण खाली ओढावेत, वरचे पाणी ओतून द्यावे, पाण्याने काही वेळा आणि मग इथेनॉलने धुऊन जास्तीचे आम्ल काढून टाकावे. गरम हवेच्या भट्टीत कण वाळवू नयेत. त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन रंग काळ्याचा तपकिरी होऊ लागतो, म्हणजे मॅग्नेटाइटचे मॅघेमाइट होऊ लागते. मॅघेमाइटही चुंबकीयच असल्यामुळे प्रयोग वाया जातो असे नाही, पण मग प्रबंधात केवळ मॅग्नेटाइट असे ठामपणे लिहिता येत नाही, आणि क्ष-किरण विवर्तनातून या दोघांना निश्चित वेगळे करणे अवघड असते. निर्वातात, सामान्य तापमानाला वाळवणे उत्तम.

या पद्धतीने मिळणारे कण साधारण १० नॅनोमीटरचे असतात, आणि हा आकार महत्त्वाचा आहे. एवढ्या लहान कणांत बाहेरचे क्षेत्र काढून घेतल्यावर चुंबकत्व मागे उरत नाही. अशा कणांना सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. कण याहून बरेच मोठे झाले तर प्रत्येक कण स्वतःच लहानसा कायम चुंबक होतो, कण एकमेकांना खेचतात आणि मग कितीही ढवळले तरी गोळे सुटत नाहीत.

द्रावण, मीठ आणि साचा

कणांची मात्रा पॉलिमरसह एकूण घन पदार्थाच्या वजनाच्या १० टक्के ठेवावी. चुंबकत्व वाढावे म्हणून पहिल्याच वेळी ३० टक्क्यांवर उडी मारण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मग कण नीट पसरत नाहीत आणि लोहाची गळती वाढते. ०.१ ग्रॅम कण ९ मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये ध्वनिलहरींच्या टाकीत अर्धा तास पसरवावेत आणि त्यात ०.९ ग्रॅम पॉलिकॅप्रोलॅक्टोन विरघळवावे. कणांच्या वजनात ओलेइक आम्लाचे वजनही धरलेले असते. त्यामुळे खऱ्या मॅग्नेटाइटची मात्रा थोडी कमी भरते. ती किती, हे पुढे उष्मभारमापनातून, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजून, समजते.

छिद्रांचा आकार मिठाच्या खड्यांवरून ठरतो. हाडाच्या वाढीसाठी निदान १०० मायक्रोमीटरची छिद्रे लागतात असा जुना संकेत आहे, आणि रक्तवाहिन्याही आत याव्यात यासाठी ३०० मायक्रोमीटरहून मोठी छिद्रे बरी असे पुढच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून मीठ दळून ५०० मायक्रोमीटरच्या चाळणीतून खाली पडलेले, पण ३०० मायक्रोमीटरच्या चाळणीवर अडकलेले तेवढेच घ्यावे. मीठ आधी भट्टीत कोरडे करावे, अन्यथा खडे एकमेकांना चिकटून चाळणी बंद पडते.

किती मीठ घ्यायचे, याचा हिशेब मात्र कागदावर करून पाहावा. एक ग्रॅम घन पदार्थास नऊ ग्रॅम मीठ घेतले म्हणजे सच्छिद्रता ९० टक्के झाली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही. छिद्रे आकारमानाने मोजली जातात, वजनाने नव्हे. मिठाची घनता घन सेंटिमीटरला २.१६ ग्रॅम, पॉलिकॅप्रोलॅक्टोनची सुमारे १.१५ ग्रॅम आणि मॅग्नेटाइटची सुमारे ५.२ ग्रॅम आहे. नऊ ग्रॅम मीठ ४.१७ घन सेंटिमीटर जागा व्यापते, तर आपला एक ग्रॅम घन पदार्थ सुमारे ०.८ घन सेंटिमीटर. म्हणजे सच्छिद्रता सुमारे ८४ टक्के होते. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते: वजनाने १० टक्के असलेले मॅग्नेटाइट आकारमानाने जेमतेम अडीच टक्के असते. मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट यांची घनता जवळपास सारखी असल्यामुळे वजनाने सारख्या मात्रा आकारमानानेही सारख्याच राहतात, हा जुळा नमुना निवडण्याचा आणखी एक फायदा.

मीठ द्रावणात कालवून दाट लगदा करावा आणि तो काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या साच्यात दाबून भरावा. पेशीसंवर्धनाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बशा दिसायला सोयीच्या असल्या तरी क्लोरोफॉर्म त्यांना विरघळवून टाकतो. साचा धूर-कपाटात झाकण किंचित उघडे ठेवून एक-दोन दिवस ठेवावा, मग तेवढाच वेळ निर्वातात. औषधांतील अवशिष्ट द्रावकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोरोफॉर्मची मर्यादा दशलक्ष भागांत ६० भाग, तर डायक्लोरोमिथेनची ६०० भाग इतकी आहे. म्हणून ज्यांना निर्वात भट्टी उपलब्ध नाही त्यांनी सुरुवातीपासूनच डायक्लोरोमिथेन निवडावे.

वाळलेला तुकडा आधी काही मिनिटे इथेनॉलमध्ये आणि मग ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवावा. पॉलिकॅप्रोलॅक्टोन पाण्याशी फटकून राहणारे असल्यामुळे इथेनॉलची ही पायरी गाळली तर पाणी आतल्या छिद्रांपर्यंत पोहोचतच नाही आणि गाभ्यात मीठ राहून जाते. दिवसातून तीन-चार वेळा पाणी बदलत तीन दिवस धुवावे. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पांढरटपणा येत नाही हे पाहावे. पांढरे दिसले तर धुणे अजून संपलेले नाही. तुकड्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला बहुधा छिद्रे नसलेली पातळ कातडी धरलेली असते. ती धारदार पात्याने कापून टाकावी आणि मगच ५ मिलिमीटर व्यासाच्या व २ मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडाव्यात.

विद्युत्-कताईने केलेले धाग्यांचे पट दिसायला आकर्षक असतात, पण त्यांतील अंतरे इतकी लहान असतात की पेशी पृष्ठभागावरच राहतात. जाड हाडासाठी तो मार्ग मी सुचवणार नाही. वितळलेल्या पॉलिमरचे थर रचणारे त्रिमितीय मुद्रण मात्र निश्चित चांगले आहे. त्यात द्रावक लागत नाही आणि छिद्रांची रचना आपल्या मनासारखी करता येते. मुद्रक उपलब्ध असेल तर तेच करावे, फक्त कण मिसळलेले पॉलिमर आधी द्रावणातून तयार करून पूर्ण वाळवावे आणि पितळेच्या नळीऐवजी कठीण पोलादाची नळी लावावी, कारण मॅग्नेटाइट पितळेहून कितीतरी कठीण असते आणि नळीचे तोंड झिजवते.

पदार्थाची पारख

पेशींकडे वळण्याआधी आपल्या हातात नेमके काय आहे हे कळायला हवे. मुंबई व आसपासच्या विद्यार्थ्यांना आयआयटी मुंबईतील प्रगत विश्लेषक उपकरणांच्या केंद्रात बाहेरच्या संस्थांचे नमुने देता येतात. इतर शहरांतील विद्यापीठांतही अशी केंद्रे आहेत.

क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांसाठी ३५.५ अंशांवर मॅग्नेटाइटचे सर्वांत ठळक शिखर आणि २१.४ व २३.७ अंशांवर पॉलिकॅप्रोलॅक्टोनची शिखरे दिसायला हवीत. उष्मभारमापन हवेत केले तर पॉलिमर आणि ओलेइक आम्ल जळून जाते आणि उरलेला भाग लोहाच्या ऑक्साइडचा असतो; पण तोवर मॅग्नेटाइटचे हेमाटाइट झालेले असते आणि त्याचे वजन सुमारे ३.४ टक्क्यांनी वाढलेले असते, हे वजा करण्यास विसरू नये. नायट्रोजनमध्ये केले तर पॉलिमरच्या कोळशामुळे ऑक्साइडचे क्षपण होऊ शकते, म्हणून हवाच बरी.

चुंबकत्व कंपित नमुना चुंबकमापीवर मोजतात. क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना आलेख एकाच वाटेने गेला, मध्ये पोकळ वळसा उघडला नाही, तर कण सुपरपॅरामॅग्नेटिक राहिले असे समजावे. या उपकरणाचा दुसरा उपयोग कमी लोक करतात. समजा सुट्या कणांचे संपृक्त चुंबकन ग्रॅमला ६० ईएमयू (चुंबकत्वाचे एकक) आले, तर १० टक्के कण असलेल्या स्कॅफोल्डचे ६ ईएमयू यायला हवे. तुकड्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून वेगवेगळे नमुने देऊन ही संख्या ताडून पाहावी. खालच्या भागात ९ आणि वरच्या भागात ३ आले, तर कण वाळताना खाली बसले आहेत, आणि असा स्कॅफोल्ड पुढच्या कामाला घेण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत का ते पाहावे. सुटी चुंबकीय भुकटी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाकडे ओढली जाऊ शकते. त्यामुळे नमुना चुंबकीय आहे हे यंत्रचालकाला आधी सांगावे आणि तो पक्का चिकटवावा.

दाबाखालच्या सामर्थ्याबाबत अपेक्षा जमिनीवर ठेवाव्यात. मानवी हाडाच्या जाळीदार भागाचे दाब-सामर्थ्य साधारण २ ते १२ मेगापास्कल आणि बाहेरच्या घट्ट भागाचे १०० ते २०० मेगापास्कल असते. मीठ धुऊन केलेला ८४ टक्के सच्छिद्र पॉलिकॅप्रोलॅक्टोन यातील खालच्या टोकापर्यंतही सहसा पोहोचत नाही. तो कवटी किंवा जबड्यातील भार नसलेल्या पोकळीसाठी आहे. मांडीच्या हाडाच्या बाता प्रस्तावात मारू नयेत.

लोहाची गळती

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. मोकळे लोह पेशीत घातक ऑक्सिजन-मूलके तयार करण्यास हातभार लावते, आणि शरीरात लोह साठत जाणाऱ्या आजारांत हाडे ठिसूळ होतात हे वैद्यकाला परिचित आहे. म्हणजे आपण ज्या ऊतीला मदत करायला निघालो आहोत तिलाच जास्तीचे लोह मारक ठरू शकते.

गळती बहुधा फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात मोजली जाते आणि ती नगण्य दिसते. तिच्यावर विसंबू नये. फॉस्फेटबरोबर लोहाचे न विरघळणारे संयुग तयार होऊन ते खाली बसते, त्यामुळे द्रवात लोह कमी दिसते. उलट पेशींना हाडाकडे वळवण्यासाठी जे पोषकद्रव वापरतात त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असते, आणि ते फेरिक लोहाचे क्षपण करून त्याला अधिक विद्राव्य करते. म्हणून प्रत्यक्ष वापरायच्या पोषकद्रवातच, ३७ अंशांना, पेशींशिवाय चकत्या ठेवून ठरावीक दिवसांनी लोह मोजावे. हेमाटाइट व मॅग्नेटाइट यांची गळती सारखी नसेल तर तेही याच वेळी कळते, आणि पुढचे निष्कर्ष त्या मर्यादेत राहूनच मांडावे लागतात. पॉलिमरचे विघटन पाहताना केवळ वजनावर नजर ठेवू नये; पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे वजन कित्येक महिने जवळपास स्थिर राहते, पण रेणुभार आधीपासूनच उतरू लागलेला असतो.

निर्जंतुकीकरण

६० अंशांना वितळणारा पदार्थ वाफेच्या पात्रात टाकता येत नाही, हे उघड आहे. प्रयोगशाळेपुरते ७० टक्के इथेनॉल आणि अतिनील किरण पुरतात, मात्र अतिनील किरण जाळीच्या आत पोहोचत नाहीत, म्हणून खरा भरवसा इथेनॉलवर. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा किरण वापरावे लागतात. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड या केंद्रात १९७४पासून वैद्यकीय साहित्याचे गॅमा निर्जंतुकीकरण होत आले आहे. २५ किलोग्रे या नेहमीच्या मात्रेने पॉलिमरच्या साखळ्यांवर परिणाम होतो, त्यामुळे रेणुभार आणि ताठरपणा किरणांनंतर पुन्हा मोजावा.

चुंबकाची मांडणी

निओडायमियमच्या चकत्या २४ खणांच्या बशीखाली लावणे ही सर्वसाधारण रीत आहे. चुंबकाच्या विक्रेत्याने दिलेला आकडा चुंबकाच्या पृष्ठभागाचा असतो. पेशी जेथे आहेत तेथे, बशीच्या तळाची जाडी ओलांडून, क्षेत्र बरेच कमी भरते. म्हणून हॉल शलाकेच्या मापीने स्कॅफोल्डच्या उंचीवर, खणाच्या मध्यावर आणि कडेला क्षेत्र मोजून मिलिटेस्लात नोंदवावे. शेजारच्या खणांतील चुंबकही एकमेकांवर परिणाम करतात. लगतच्या खणांच्या मध्यांत जेमतेम दोन सेंटिमीटर अंतर असते. एकाच बशीत अर्धे खण चुंबकासह आणि अर्धे चुंबकाविना ठेवणे त्यामुळे निरर्थक आहे. चुंबकाविना असलेली बशी दुसऱ्या उबवणीयंत्रात ठेवावी, आणि तिच्याखाली त्याच आकाराच्या पितळी चकत्या लावाव्यात, म्हणजे तळाला मिळणारी उष्णता दोन्हीकडे सारखी राहील.

उबवणीयंत्रातील दमट हवेत निओडायमियमचे चुंबक गंजतात, म्हणून ते आवरणासह आणि बंद पिशवीत असावेत. साध्या प्रतीचे चुंबक ८० अंशांच्या वर चुंबकत्व गमावू लागतात; त्यांना वाफेच्या पात्रात न घालता इथेनॉलने पुसावे. मोठे चुंबक हाताळताना बोटे चिमटतात, आणि हृदयात पेसमेकर असलेल्या सहकाऱ्याने त्यांच्या जवळ येऊ नये.

स्थिर चुंबकाखाली पेशींत नेमके काय घडते, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. कणांवरील सूक्ष्म ओढ पेशीपटलावरील यांत्रिक संवेदकांना जाणवत असावी, ही कल्पना सर्वांत जास्त मांडली जाते. ओढ निर्माण होण्यासाठी क्षेत्र जागेनुसार बदलते असावे लागते, एकसारखे क्षेत्र पुरत नाही. म्हणूनच खणाच्या कडेचे मापन महत्त्वाचे. न जुळणाऱ्या हाडांसाठी स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने १९७९ मध्ये मान्यता दिली, पण तेथे क्षेत्र सतत बदलत असते आणि ऊतीत विद्युतप्रवाह प्रेरित होतो. त्या उपचाराचा दाखला देऊन स्थिर चुंबकाचे समर्थन करता येत नाही. उच्च वारंवारतेच्या क्षेत्राने कण तापवून गाठीच्या उरलेल्या पेशी मारण्याचा उपयोगही वेगळा विषय आहे, आणि साधारण ६० अंशांना वितळणाऱ्या पॉलिमरमध्ये तो अधिकच जपून हाताळावा लागतो.

पेशींवरील प्रयोग

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून पेशीवाण मागवता येतात. एमजी-६३ या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी झपाट्याने वाढतात. विषारीपणा तपासायला त्या ठीक, पण हाड तयार होण्याविषयी त्यांच्यावरून फार काही बोलू नये. त्यासाठी उंदराच्या एमसी३टी३-ई१ किंवा मानवी अस्थिमज्जेतील मूळ पेशी घ्याव्यात.

चकत्या रात्रभर पोषकद्रवात भिजवून, त्यावर २० ते ३० मायक्रोलिटरच्या थेंबात साधारण एक लाख पेशी सोडाव्यात, दोन तास चिकटू द्याव्यात आणि मगच खण भरावा. विषारीपणाच्या आयएसओ १०९९३-५ या मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर पदार्थ विषारी समजतात. जीवनक्षमता रंगावरून मोजणारी एमटीटी चाचणी येथे फसवू शकते, कारण सुटलेले काळे कण स्वतःच प्रकाश शोषतात आणि आकडा फुगतो. रेझाझुरिनची चाचणी करावी आणि वाचनासाठी द्रव नव्या, स्वच्छ बशीत काढून घ्यावा.

हाडाकडे वळवण्याच्या पोषकद्रवात १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असते. सातव्या व चौदाव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड तयार करू लागलेल्या पेशींत वाढणारे विकर) मोजून ते डीएनएच्या प्रमाणात मांडावे, अन्यथा जास्त पेशी म्हणजेच जास्त विकास असा गैरसमज होतो. एकविसाव्या दिवशी अ‍ॅलिझरिन रेड हा कॅल्शियमवर बसणारा रंग लावताना पेशी नसलेल्या चकत्यांनाही तोच रंग द्यावा; सच्छिद्र पदार्थ रंग धरून ठेवतो आणि ती मात्रा वजा करावी लागते. रंग काढण्यासाठी अ‍ॅसेटिक आम्ल न वापरता सेटिलपिरिडिनियम क्लोराइड वापरावे, कारण आम्लाने लोहही द्रवात उतरते.

निकाल वाचताना सहा गटांकडे एकत्र पाहावे. मॅग्नेटाइट आणि हेमाटाइट या दोन्हींवर पेशी नुसत्या पॉलिमरपेक्षा सारख्याच चांगल्या वाढल्या आणि चुंबक लावल्याने फरक पडला नाही, तर परिणाम ताठरपणाचा, पृष्ठभागाचा किंवा लोहाचा आहे. चुंबक लावल्यावर तिन्ही प्रकारांत वाढ दिसली, तर क्षेत्र थेट पेशींवर काम करते आहे आणि कणांची गरज सिद्ध झालेली नाही. केवळ मॅग्नेटाइट अधिक चुंबक याच गटात, स्वतंत्रपणे केलेल्या निदान तीन प्रयोगांत, इतर पाचांहून वेगळा परिणाम आला, तरच चुंबकीय स्कॅफोल्डविषयी विधान करता येते. पहिले दोन निकाल अपयश नव्हेत. ते तसेच छापावेत.

प्राण्यांकडे जाताना

संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मान्यता हाती आल्याशिवाय काहीही सुरू करता येत नाही, आणि शस्त्रक्रिया अनुभवी पशुवैद्यकाकडेच सोपवावी. उंदराच्या मोठ्या जातीच्या कवटीतील ८ मिलिमीटरची पोकळी हा नेहमीचा नमुना आहे. एमआरआयवर भिस्त ठेवू नये, कारण लोहाच्या कणांमुळे त्या जागेची प्रतिमा काळवंडते व विकृत होते. असा स्कॅफोल्ड कधी रुग्णात गेलाच तर ही अडचण तेथेही भेडसावेल. नवे हाड मायक्रो-सीटीवर मोजतात, पण कॅल्शियमपेक्षा लोह क्ष-किरण अधिक अडवते, त्यामुळे कण साचलेल्या भिंती यंत्राला हाडासारख्या दिसू शकतात. न बसवलेली चकती त्याच मापांवर आधी तपासून मर्यादा ठरवावी आणि पेशीजालाच्या कापांशी ती पडताळावी. काप करताना झायलीनमध्ये पॉलिकॅप्रोलॅक्टोन विरघळून जागा रिकाम्या दिसतात, आणि हाड मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल घेतले तर लोहही निघून जाते. त्यामुळे हाड मऊ न करता, ज्यात पॉलिकॅप्रोलॅक्टोन विरघळत नाही अशा राळेत बसवूनच काप करावेत, आणि आधी एखाद्या जादा चकतीवर ती राळ आजमावून घ्यावी. शेजारचा काप प्रशियन ब्लू या लोह निळे दाखवणाऱ्या रंगाने रंगवला तर लोह भिंतीतच राहिले आहे की भक्षक पेशींच्या पोटात जाऊन बसले आहे, हे दिसून येते.